मळ्यातलं गावठी कुत्रं माराशिवाय शिकतं का? त्याला वासावर शोधायला शिकवता येईल का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की रावेरकडे केळीचा मळा आहे, राखणीला अडीच महिन्यांचं गावठी पिल्लू आणलंय, आणि शेजारचे तीन गोष्टी सांगतात: मारल्याशिवाय कुत्रं वळणावर येत नाही, मिरची खाऊ घातली की तिखट होतं, आणि वासाचं काम फक्त विलायती कुत्र्यांनाच जमतं. चोपड्याकडे मीही हेच ऐकत मोठी झाले. मी प्राणिशास्त्र शिकवते, आमच्या मळ्यात कायम कुत्री असतात आणि या विषयावरचं संशोधन मी मनापासून वाचते. तुम्ही पिल्लाला हात लावण्याआधी विचारलंत, याचा मला फार आनंद झाला.

मिरचीचं आधी सांगून टाकते. मिरचीने त्याच्या पोटाची आग होईल, जुलाब होतील, स्वभाव बदलणार नाही. पोट दुखणारं कुत्रं चिडचिडं होतं आणि लोक त्यालाच तिखटपणा समजतात. कृपा करून हे करू नका.

आता मार. पोर्तुगालमध्ये आना कातारीना व्हिएरा द कास्त्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या प्रशिक्षण शाळांतली ९२ पाळीव कुत्री त्यात होती. काही शाळा खाऊ देऊन शिकवणाऱ्या, काही हिसके देऊन आणि ओरडून शिकवणाऱ्या. त्यांनी कुत्र्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरक, मोजलं. धाकाच्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये प्रशिक्षणानंतर ते जास्त वाढलं, शिवाय ती सारखी ओठ चाटत होती, धापा टाकत होती. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो यातला पुढचा प्रयोग. खोलीत एका बाजूला ठेवलेल्या भांड्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या बाजूच्या भांड्यात कधीच नाही, हे कुत्र्यांना आधी शिकवलं. मग भांडं मधोमध ठेवलं. खाऊवर शिकलेली कुत्री आशेने धावत गेली. ज्यांना धाकात शिकवलं होतं ती रेंगाळली. समोर कुणी मारणारं नसतानाही ‘यात काही मिळायचं नाही’ असंच त्यांनी धरलं होतं.

मारल्यावर कुत्रं ऐकतं हे दिसतं, म्हणून लोक मारतात. पण न मारता ते कमी ऐकतं का? ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली हेच तपासलं. हाक मारली की न येणारी, मेंढरांमागे लागणारी अशी ६३ कुत्री घेतली. काहींना शॉक देणारे पट्टे लावून शिकवलं, काहींना पट्ट्याशिवाय. शॉकच्या पट्ट्याने शिकवल्याचा ठोस फायदा काही दिसला नाही. असले पट्टे हल्ली आपल्याकडेही ऑनलाइन मागवतात. तुम्ही मागवू नका.

आणि ‘त्याला चूक कळते, बघा कसं तोंड पाडतं’ हेही कुणी तुम्हाला सांगेलच. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर हे पाहिलं. तोंड पाडणं, कान मागे घेणं हे सगळं मालक रागावल्यावर दिसत होतं, मग कुत्र्याने खाऊ चोरलेला असो वा नसो. उलट काहीही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये ते सर्वांत जास्त दिसलं. म्हणून सकाळी कुरतडलेल्या ठिबकच्या नळीसाठी संध्याकाळी मारण्यात काही अर्थ नाही. नळीचा आणि माराचा संबंध त्याला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की तुम्ही संध्याकाळी मारता.

गावठी कुत्र्यांबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय, कारण त्यांना आपण फार कमी लेखतो. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट अनेक वर्षं रस्त्यावरच्या भारतीय कुत्र्यांचाच अभ्यास करतोय. कधीही न शिकवलेली ही कुत्री अनोळखी माणसाने बोट दाखवलं की त्या दिशेच्या वाडग्याकडे जातात, हे त्यांनी दाखवलं. जवळ यायला तयार झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी बोटाचा इशारा बरोबर ओळखला. त्यांच्याच २०१७च्या अभ्यासात दिसलं की अनोळखी माणसावर विश्वास बसायला नुसत्या खाण्यापेक्षा रोजचं कुरवाळणं जास्त उपयोगी पडतं. तेव्हा तुमचं पिल्लू मठ्ठ असण्याचं काहीच कारण नाही, आणि त्याला शिकवायला महागडा खाऊही लागत नाही. दादर ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि मानेवरून फिरणारा हात पुरेसा आहे. फक्त शाबासकी त्याच क्षणी मिळायला हवी.

नाकाचं म्हणाल तर वासासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या जाती या कामात सरस ठरतात, हे खरंय. १९९३च्या स्फोटांनंतर मुंबईत स्फोटकं शोधणारा जंजीर लॅब्रॉडॉर होता. पण लष्कराच्या मेरठच्या केंद्रात २०१६ साली मुधोळ या देशी जातीची पिल्लंही प्रशिक्षणासाठी नेली गेली. आणि गावठी कुत्र्याच्या लांब तोंडातलं यंत्र तेच आहे. आत ओढलेल्या हवेचा साधारण १२ टक्के भाग नाकात अगदी मागे असलेल्या वासाच्या कप्प्यात वळतो, बाकीची हवा फुप्फुसात जाते. बाहेर सोडलेला श्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून निघतो, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. हुंगताना हे सेकंदाला पाचेक वेळा चालतं. बेलफास्टच्या हेपर आणि वेल्स यांनी २००५ साली दाखवलं की माणूस कुठल्या दिशेने गेला हे ओळखायला शिकवलेल्या कुत्र्याला सलग पाच पावलं पुरतात. एका पावलापेक्षा पुढच्याचा वास किंचित ताजा असतो, तेवढा फरक ते पकडतं. हे वाचताना मला दरवेळी थक्क व्हायला होतं.

सुरुवात अशी करा. तीन वाट्या पालथ्या घाला, एकीखाली भाकरीचा तुकडा. बरोबर वाटीवर नाक लावलं की वाटी उचला, तुकडा त्याचा. हा खेळ कळला की तुकड्याऐवजी तुमचा वापरलेला रुमाल ठेवा आणि सापडल्यावर भाकरी हातातून द्या. मग रुमाल केळीच्या ओळींत, आधी दिसेल असा, नंतर पाचटाखाली. पुढे घरातलं एखादं माणूस ओळींत लपवा. कंटाळायच्या आत थांबायचं.

इथे एक गोष्ट नक्की पाळा. रुमाल दुसऱ्याला लपवायला सांगा आणि कुठे ठेवलाय ते तुम्हाला माहीत नसू दे. अमेरिकेत लिसा लिट यांनी २०११ साली प्रशिक्षित कुत्रं आणि त्याला हाताळणारा माणूस, म्हणजे हस्तक, अशा १८ जोड्यांना खोल्या तपासायला लावल्या. खोल्यांत शोधण्याजोगा वास कुठेच ठेवलेला नव्हता. पण हस्तकांना सांगितलं होतं की असेल, आणि काही ठिकाणी खूण म्हणून लाल कागद लावले होते. हस्तकांनी दोनशेहून जास्त वेळा ‘कुत्र्याने दाखवलं’ असं कळवलं, आणि लाल कागदापाशी तर जास्तच. आपण कुठे थबकतो, कुठे बघतो, श्वास कुठे रोखतो, हे कुत्रं वाचत असतं. तुम्हाला जागा माहीत असेल तर ते रुमाल न हुंगता तुम्हालाच वाचायला शिकेल.

वेळ पहाटेची ठेवा. धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही. इस्रायलमध्ये गाझिट आणि टर्केल यांनी २००३ साली स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांवर हे मोजलं होतं: धाप वाढली की शोध घटला. आपल्याकडच्या मे महिन्यात सकाळी नऊनंतर त्याच्याकडून ही अपेक्षाच करू नका.

पिल्लू अडीच महिन्यांचं आहे, म्हणजे कुत्र्यांच्या वर्तनाचे अभ्यासक स्कॉट आणि फुलर यांनी सांगितलेला साधारण १२ आठवड्यांपर्यंतचा ओळखीचा काळ, ज्यात पिल्लू नव्या माणसांना आणि गोष्टींना सहज सरावतं, तो संपत आलाय. या दिवसांत त्याला मजूर, लहान मुलं, बैल, मोटारीचा आवाज, ट्रॅक्टर सगळं दाखवा, शांतपणे. तीन महिने झाले की रेबीजची लस.

‘बांधून ठेवलं की कडक होतं’ हेही तुम्हाला ऐकायला मिळेल. आखूड साखळीला तासन्‌तास बांधणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. आणि यावल-रावेरच्या सातपुड्याच्या पायथ्याशी त्यात जिवाचाही धोका आहे. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं तपासलं, तर वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के भक्ष्य कुत्री होती. साखळीतलं कुत्रं पळूही शकत नाही. रात्री त्याला शेडमध्ये, दार लावून ठेवा. आतून भुंकलं तरी तुम्हाला जाग येईलच.