टीव्हीशेजारचा पेपरोमिया आणि पूजेचं पाणी

प्रश्न : काकू, होळीच्या सुमारास नर्सरीतून ‘बेबी रबर प्लांट’ म्हणून जाड, गुळगुळीत पानांचं छोटं रोप आणलं. पानांना पिवळसर कडा आहेत. कुंडी फारच लहान वाटली म्हणून मोठ्या चिनी मातीच्या कुंडीत, महूकडच्या शेतातली काळी माती घालून लावलं. टीव्हीशेजारी ठेवलंय. सासूबाई रोज पूजेचं पाणी त्यातच घालतात. आता खालची पानं पिवळी पडून गळताहेत, दांडा बुडाशी काळा आणि मऊ झालाय. शेंड्याला उंदराच्या शेपटीसारखं काहीतरी आलंय. हा रोग आहे का? खत कोणतं घालू?
— एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, खत मुळीच नको. मुळं कुजलेली असताना खत घातलं की उरलीसुरलीही जातात.

आधी एक सांगते, हे रबराचं झाड नव्हे. रबर प्लांट वड-पिंपळाच्या कुळातला. तुमचा आहे पेपरोमिया, मिरी आणि नागवेलीच्या कुळातला, मूळचा मेक्सिको, फ्लोरिडा, कॅरिबियन बेटांकडचा. तिकडे तो मोठ्या झाडांच्या सावलीत, खोडांच्या खाचांत आणि कुजक्या ओंडक्यांवर वाढतो. पाऊस पडला की पाणी निथळून जातं. त्यामुळे मुळं इवलीशी आणि पाण्याचा साठा सगळा पानांत. आपली माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते. गहू-हरभऱ्याला ते मानवतं, याला तेच नडतं. त्यात कुंडी मोठी. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहणार.

आता रोप उपटा. काळा भाग सोडून वर, जिथे दांडा आतून स्वच्छ हिरवा दिसेल तिथे धारदार सुरीने कापा. तो शेंडा दिवसभर सावलीत तसाच पडू द्या, कापलेली जागा सुकली पाहिजे. मग चहाच्या कपाएवढ्या, खाली भोक असलेल्या मातीच्या कुंडीत लावा. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मे विटांचे बारीक तुकडे किंवा परलाईट (पांढरे, हलके खडे), थोडा कोळशाचा चुरा. चिनी मातीची ती कुंडी शोभेला ठेवा, नाहीतर मनीप्लांटला द्या. नुसतं पान देठासकट खोचलं तरी रोप होतं, पण पिवळ्या कडांच्या जातीचं पान लावलंत तर पिल्लं बहुधा साधी हिरवी निघतात. कडा हव्या असतील तर दांडाच लावा.

पाण्याला वार ठरवू नका. पान दोन बोटांत धरून हलकेच वाकवा. ताठ असेल तर पाणी नको. लवचीक, जरा मऊ लागलं आणि वरची माती कोरडी असली तर भरपूर घाला, बशीत साचलेलं ओतून टाका. मात्र माती ओली आणि पानं मलूल, असं दिसलं तर ती तहान नसते, मुळं गेलेली असतात. इथेच बहुतेकजण आणखी एक तांब्या ओततात.

मे महिन्यात लू लागेल अशा पश्चिमेच्या गॅलरीत ठेवू नका. पूर्वेची खिडकी, जाळीच्या पडद्याआड, उत्तम. घरात कूलर चालत असेल तर बाहेर कितीही रखरखाट असो, खोलीतली कुंडी लवकर वाळत नाही, हे ध्यानात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा काचेपासून लांब सरकवा आणि पाणी अगदी कमी करा.

शेपटी म्हणजे फुलंच! शेकडो बारीक फुलं एका दांडीवर. ना रंग, ना वास. नको असतील तर खुडा, झाडाचं काही बिघडत नाही.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. त्यांना नाही म्हणायला जाऊ नका. देवघराजवळच्या खिडकीत तुळशीची कुंडी आणून ठेवा. पूजेचं पाणी आपोआप तिकडे जाईल.

प्रश्न : माझ्या पेपरोमियाच्या पानांखाली तपकिरी, खरखरीत फोड आलेत. कीड असेल का? मांजर पानं चावते, तिला बाधेल का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : फोड नखाने खरवडून पाहा. सुटून आला तर खवले कीड, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन पुसा. पानालाच चिकटलेला असेल तर कीड नव्हे. पावसाळ्यात दमट हवेत पान पाणी बाहेर टाकू शकत नाही, मुळं मात्र ओढत राहतात, मग आतल्या पेशी फुटून असे चट्टे पडतात. ते जात नाहीत. पाणी कमी केलंत की नवी पानं नितळ येतील. मांजरीला पेपरोमिया विषारी नाही. पानांची मात्र तुम्ही काळजी करा.