लॉन गादीसारखं दबतं, वरून पाणी घातलं तरी मुरत नाही. कापलेलं गवत उचलत नाही म्हणून थॅच, म्हणजे गवत आणि माती यांच्या मधला काड्या-मुळांचा थर, साचला असेल का? काढायचा कधी?

नाही, त्यामुळे नाही. हाच आरोप घरात इतका ऐकलाय की लिहायला बसलो.

इंदूरला राजेंद्रनगरात आमचं दूब गवताचं (हरळीचं) लॉन आहे, खाली माळव्याची काळी माती. मशीन मी फिरवतो आणि कापलेलं तिथेच पडू देतो. खत-पाणी दादाकडे. म्हणजे मुठीने युरिया फेकायचा, पावसाळा सोडून रोज संध्याकाळी पाइपने वरवर भिजवायचं आणि वाळवीचा नुसता संशय आला की औषध ओतायचं. लॉन दबायला लागलं तेव्हा गणपतीला जमलेल्या पाहुण्यांसमोर जाहीर झालं, "याच्या आळसाने कुजलंय." मी आतून सुरी आणली (वहिनी त्या सुरीवरून अजून बोलते) आणि सगळ्यांदेखत एक चौकोनी तुकडा काढला. हिरव्याच्या खाली, मातीच्या वर, इंचभर तपकिरी थर. बोटांनी सोडवून दाखवला. काड्या, धावत्या फांद्या, मुळं. कापलेलं पातं औषधालाही नाही. पात्यात बहुतेक पाणीच असतं, ते लगेच कुजतं. चिवट असतात त्या काड्या नि मुळं. 46% नत्राच्या युरियाने त्या भराभर वाढवायच्या, गांडुळं औषधाने मारायची, मग कुजवणार कोण? रोजच्या शिंपणीने मुळंही खाली न जाता त्या थरातच पसरतात. दादा एवढंच म्हणाला, "सुरी धुऊन ठेव."

तुम्हीही तुकडा काढून मोजा. अर्ध्या इंचापर्यंत असेल तर हात लावू नका, तेवढा हवाच. जास्त असेल तर मृगाचे पाऊस पडून वाफसा आला की लोखंडी पंज्याने उभं-आडवं ओढा आणि वर चाळलेलं शेणखत पातळ पसरा. काही दिवस लॉन भुंडं दिसेल, घरचे बोलतील, बोलू द्या. थंडीत दूब वाढत नाही, तेव्हा नको. यंदाच लावलेलं असेल तर पंजा अजिबात नको, मुळासकट येईल.

आणि हो, कापलेलं राहू द्यायचं ते तुकडे बारीक असतील तरच. एका वेळी उंचीचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही. महिनाभर वाढू देऊन मग ढीग पाडला तर तो उचलावाच लागतो, नाहीतर खालचं पिवळं पडतं. आमच्याकडे तसं एकदाच झालं, आणि तेव्हा मशीन दादाकडे होतं.