डाळिंबाच्या तेल्या रोगावर बुरशीनाशक मारूनही फरक का पडत नाही?

कारण तेल्या ही बुरशी नाहीच, झॅन्थोमोनास नावाचा जिवाणू आहे, त्यामुळे कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक कितीही मारा, त्याला काही होत नाही (प्लांट पॅथॉलॉजी शिकलोय म्हणून सांगतो). हा पानांच्या छिद्रांतून नाहीतर छाटणीच्या, काट्यांच्या जखमांतून आत शिरतो, सुईसारख्या नळीने पेशीत स्वतःची प्रथिनं टोचतो आणि झाडाची प्रतिकार यंत्रणाच दाबून टाकतो, मग ते तेलकट डाग दिसायला लागतात, पावसाचे थेंब उडाले की शेजारच्या झाडावर. फक्त बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराईड अशी तांब्याची औषधं अपवाद, विकतात बुरशीनाशक म्हणून पण तांबं जिवाणूलाही मारतं, मात्र तो बाहेर पानावर असेपर्यंतच. आत गेल्यावर डागाळलेल्या फांद्या, फळं काढून जाळा आणि कात्री दर झाडाला निर्जंतुक करा, हे बरेच जण विसरतात.