मैत्रिणीचा परफ्यूम तुमच्यावर उसना का वाटतो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नव्या नोकरीत पाच-सहा जणांची जबाबदारी आलीये, स्वभाव शांत, बोलणं मोजकं, कपडे बहुतेक सुती कुर्ते. मैत्रिणीचा परफ्यूम फार आवडला म्हणून तिला नाव विचारून तोच घेतलात, आणि अंगावर लावला तर दुसऱ्या कुणाचा ड्रेस घातल्यासारखं वाटलं. आता तीन हजारांपर्यंत खर्च करून स्वतःला शोभेल असा सुगंध हवाय. कुठल्याशा चाचणीने ‘तुम्ही अंतर्मुख, म्हणून व्हॅनिला’ असं सांगितलंय, ते पटत नाही म्हणून विचारताय.

न पटणंच बरोबर आहे. त्या चाचणीवर विसंबून एक रुपयाही घालवू नका. बावीस वर्षं मी अत्तरं आणि परफ्यूम वापरतेय, जमवतेय, लोकांना निवडायला मदत करतेय. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: कुठल्याही वासाला स्वतःचा स्वभाव नसतो. शांत माणसाचा वास, धाडसी माणसाचा वास असं काही नसतं. लावणारा माणूस त्या वासाला स्वभाव देतो, आणि त्याला वेळ लागतो.

गजऱ्यात किंवा वेणीत मरव्यासोबत पाच ओवलेली तुम्ही पाहिली असेल. परफ्यूमच्या खोक्यावर ‘पॅचौली’ म्हणून लिहिलेलं असतं ते त्याच कुळातलं पान. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जायच्या तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये ही पानं घालत. तिकडच्या गिऱ्हाइकांच्या नाकात तो वास असा बसला की शाल अस्सल आहे की नक्कल, हे लोक वासावरून ओळखू लागले. म्हणजे तेव्हा पॅचौली हा श्रीमंत घरातल्या बायकांचा वास होता. पुढे १९६०च्या दशकात लांब केसांची, अनवाणी फिरणारी हिप्पी पोरं तेच तेल अंगाला लावू लागली आणि तोच वास बंडखोरांचा झाला. पान तेच आणि तेलही तेच, फक्त अंगं बदलली. मग एखादी चाचणी कुठल्या आधारावर सांगणार की पॅचौली ‘कोणत्या स्वभावाच्या’ माणसाने लावावं?

बायकांचा आणि पुरुषांचा हा भेदही असाच. दिवाळीत पाहुण्यांच्या मनगटावर अत्तर लावताना आपण गुलाब कुणाला आणि हिना कुणाला असं कधी पाहत नाही, आणि कानात गुलाबाचा फाया घालणारे आजोबा अनेकांनी पाहिलेत. दुकानात ‘फक्त पुरुषांसाठी’ लिहिलेल्या फळीवरचं काही आवडलं तर बिनधास्त घ्या.

आता मैत्रिणीच्या परफ्यूमचं. तो तुमच्यावर वेगळा लागला हा तुमचा भास नाही. तेलकट त्वचेवर सुगंध धरून राहतो, कोरड्या त्वचेवरून लवकर उडतो. घाम, हवा, अंगाचा मूळ गंध हे सगळं त्यात मिसळतं. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा आठवा. त्याचं तेल जगभरच्या परफ्यूममध्ये वापरतात, आणि सुगंधाच्या धंद्यातली माणसं त्याच्याबद्दल हेच सांगतात की ते प्रत्येकाच्या अंगावर वेगळं बोलतं. कुणावर पिकलेल्या फळासारखं, कुणावर सुकलेल्या पाल्यासारखं. २०१२ साली प्रसिद्ध झालेला चेक संशोधकांचा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी माणसांच्या अंगाचा गंध आणि परफ्यूम यांची मिसळण लोकांना हुंगायला दिली. माणसाने स्वतःसाठी निवडलेला परफ्यूम त्याच्या अंगगंधासोबत लोकांना जास्त आवडला, संशोधकांनी हाती दिलेला परफ्यूम कमी. गंमत अशी की नुसते परफ्यूम हुंगले तेव्हा त्यांच्यात असा फरक नव्हता. म्हणजे आपलं नाक स्वतःच्या अंगाला काय जुळेल हे बऱ्यापैकी ओळखतं, फक्त त्याला निवडू द्यायला हवं. तुम्ही मैत्रिणीच्या नाकाने निवडलंत.

मीही नेमकं हेच केलं होतं. तिशीत असताना माझ्या एका वरिष्ठ बाईंबद्दल मला फार आदर होता. त्या ऊद, म्हणजे अगरूच्या लाकडाचा सुगंध, लावायच्या. परतीच्या प्रवासात विमानतळावरच्या दुकानात तसाच ऊद दिसला आणि पगाराचा चांगला मोठा भाग घालून मी तो घेतला. मे महिन्यात, नागपुरात, एका बंद खोलीतल्या बैठकीला तो लावून गेले. शेजारच्या बाई अर्ध्या तासात डोकं धरून बाहेर गेल्या. पैसे घातलेत म्हणून पुढे वर्षभर तो वापरत राहिले आणि वर्षभर मला वाटत राहिलं की मी त्या वरिष्ठ बाईंची नक्कल करतेय. नंतर एका उन्हाळ्यात वाळ्याचं अत्तर हाती आलं. माझ्या माहेरी माठात वाळ्याची जुडी टाकायचे, त्यामुळे वास ओळखीचा होता. ते लावलं की दुपारपर्यंत मी लावलंय हे विसरून जायचे. एकदा नणंदेकडे माझी ओढणी राहिली. तिचा पाच वर्षांचा मुलगा शाळेतून आला आणि दारातच म्हणाला, “मामी आलीये का?” तोवर मला वाळा लावायला लागून सहा वर्षं झाली होती. वाळ्यात माझ्यासारखं काहीही नाही, तो गवताच्या मुळांचा वास आहे. पण त्या मुलासाठी तो मामीचा वास होता.

परफ्यूममधून व्यक्तिमत्त्व दिसतं ते मला वाटतं असं. आणि आणखी एका जागी दिसतं, तिकडे फार कमी लोक लक्ष देतात: वास किती लांब पोहोचतो. मोजकं बोलणाऱ्या माणसाने मोगरा लावावा की चंदन, याला काही अर्थ नाही. पण खोलीत शिरण्याआधी आपला वास शिरावा, की शेजारी बसलेल्यालाच तो कळावा, हा मात्र खरोखर स्वभावाचा प्रश्न आहे. बाटलीवर प्रकाराचं नाव असतं ते पाहा: ओ द कोलोनमध्ये सुगंधी तेलाचं प्रमाण साधारण २ ते ४ टक्के असतं, ओ द त्वालेतमध्ये ५ ते १५, ओ द परफ्यूममध्ये १५ ते २०. अल्कोहोल उडताना वास हवेत फेकतं, म्हणून स्प्रेचा दरवळ लांब जातो. अत्तरात अल्कोहोल नसतं, ते अंगालगत राहतं आणि हळूहळू उलगडतं. तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं, तुम्हाला दरवळ हातभर अंतराचा हवाय. मैत्रिणीच्या परफ्यूममध्ये तुम्हाला जे ‘उसनं’ वाटलं त्यात वासाइतकाच त्या पल्ल्याचाही वाटा असेल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. आजीच्या साड्यांच्या कपाटात वाळलेल्या बकुळीच्या माळा असायच्या आणि आजही कुठे तो वास आला की पाय थबकतो. ‘शांत’, ‘मोजकी’ या विशेषणांपेक्षा हे वाक्य मला तुमच्याबद्दल जास्त सांगतं. पाय कुठे थबकतो तिथून सुरुवात करायची. सहाणेवर उगाळलेलं चंदन, तापलेल्या मातीवर पडलेला पहिला पाऊस, लिंबाची साल, वेलदोड्याचं दूध असं काहीतरी प्रत्येकाचं असतं. नावं परकी वाटली तरी घाबरू नका. वेटिव्हर म्हणजे आपला वाळाच, तो शब्द तमिळमधून तिकडे गेलाय. ट्यूबरोज म्हणजे निशिगंध, चंपाका म्हणजे सोनचाफा, जॅस्मिन सॅम्बॅक म्हणजे मोगरा.

बकुळीचं अत्तर मिळतं. उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्ये त्याला मौलसिरी म्हणतात. तिथे अजून देग-भपक्याची पद्धत चालते. तांब्याच्या देगीत फुलं आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात, खाली लाकडं आणि गोवऱ्यांचा जाळ. वाफ बांबूच्या नळीतून, तिला चोंगा म्हणतात, पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे ती वाफ गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते. भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं, ते फुलांचा वास पिऊन घेतं. कनौजच्या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. मात्र आता चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिनसारखं स्वस्त तेल घालून केलेला माल सर्रास मिळतो. शंभर रुपयांत दहा मिली ‘अस्सल चंदनावरचं’ अत्तर कुणी देत असेल तर ते अस्सल नाही, इतकं धरून चाला. दुकानदाराला सरळ विचारा की खाली तेल कोणतं आहे. चांगला अत्तरवाला या प्रश्नाने खूश होतो आणि तीन बाटल्या जास्त उघडून दाखवतो.

कसं पाहायचं ते सांगते. एका वेळी दोनच, एक डाव्या मनगटावर, एक उजव्या. मनगटं एकमेकांवर घासू नका, वरचे हलके सूर लगेच उडतात. दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याचा उपयोग नाही. स्वतःचा कोपर आतल्या बाजूने हुंगा, नाक ताजं होतं. काहीही लगेच विकत घेऊ नका. पहिली पंधरा मिनिटं बहुतेक लिंबू, संत्रं अशा चटकन उडणाऱ्या गोष्टींची असतात, आणि दुकानात विकली जातात ती हीच पंधरा मिनिटं. तुम्हाला दिवसभर सोबत असते ती तळाच्या, म्हणजे शेवटी अंगावर उरणाऱ्या वासाची, आणि तो चार-पाच तासांनी कळतो. म्हणून दोन-तीन मिलीची छोटी कुपी घ्या आणि तीन वेगवेगळ्या दिवशी लावा: एक ऑफिसचा दिवस, एक सुट्टीचा, एक कडक उन्हाची दुपार. उन्हाची दुपार टाळू नका. बऱ्याच गोड परफ्यूमचा आपल्या उकाड्यात पाक होतो, आणि ते घडतं ते दुपारी दोनला, एसीच्या दुकानात नाही.

वीसेक मिनिटांत तुम्हाला स्वतःचा वास येईनासा होईल. उडाला समजून पुन्हा लावू नका. नाक सरावतं, बाकीच्यांना तो येतच असतो. आणि अत्तर सुती कुर्त्यावर लावू नका, तेलाचा डाग पडतो. कानामागे आणि कोपराच्या आत एकेक टिपका पुरे.

माझ्या मते तुमचे तीन हजार असे घालावे. बकुळीच्या अत्तराची छोटी बाटली, आणि सोबत वाळा किंवा मातीच्या अत्तराची एक कुपी, कारण नुसती बकुळ काही दिवसांनी गोड वाटू शकते आणि तेव्हा हाताशी काहीतरी कोरडं असावं. उरलेल्या पैशांना दिवाळीपर्यंत हात लावू नका. कदाचित बकुळ ही तुमच्या आजीचीच राहील, अंगावर तुम्हाला ती चालणार नाही. तसंही होतं, माझं मोगऱ्याच्या बाबतीत झालं. तेव्हा ते पैसे उपयोगी पडतील.

आणि मैत्रिणीसारखी घेतलेली ती बाटली तिलाच देऊन टाका. तिच्यावर तो खरंच सुंदर लागतो, तुम्हीच लिहिलंय.