मका चालेल, गाड्यांचं काय?

प्रश्न : इंग्लंडमध्ये आमची शेतजमीन आहे. उन्हाळ्यात तिकीट लावून मक्यातला भूलभुलैया सुरू करायचाय. परवानगी लागेल का?

उत्तर : मका पेरणं ही शेतीच. पैसे घेऊन माणसं आत सोडलीत की जमिनीचा वापर बदलतो. वर्षातले २८ दिवस असा तात्पुरता वापर सहसा परवानगीविना चालतो. पण खडीचा पक्का वाहनतळ, पक्की शौचालयं, मुख्य रस्त्यावर नवं फाटक या गोष्टी त्या सवलतीत बसत नाहीत. माझ्या मते खरी अडचण गाड्यांची. शेजारी मक्यावर कशाला चिडतील? त्यामुळे आधी वाहनतळाचा नकाशा काढा आणि कौन्सिलचा (परवानगी देणाऱ्या स्थानिक संस्थेचा) अर्जपूर्व सल्ला घ्या. त्याला बहुधा शुल्क पडतं, तरी घ्याच. लहान अर्जाच्या निर्णयाची मुदत ८ आठवडे, मोठ्याची १३. म्हणजे अर्ज हिवाळ्यातच गेलेला बरा.