सुपर ८ (जुनी ८ मिमी घरगुती फिल्म) प्रोजेक्टरला २५ मिमी लेन्स घ्यावी की १५-२५ झूम?

रामबागेतल्या १२ फुटी खोलीत मीटरभर रुंद चित्र हवंय म्हणता, मग २५ मिमी विसरा. हिशेब सोपा: अंतर गुणिले फ्रेमची रुंदी (सुपर ८ची साधारण ५.४ मिमी) भागिले फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा). ३ मीटरवरून २५ मिमी जेमतेम ६५ सेंमी देते, १५ मिमी १०८. म्हणजे झूमच. त्यातही एफ १.३ (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) मिळाली तर सोडू नका, एफ १.६ पेक्षा उजेड जवळपास दीडपट पडू शकतो.

जुनी लेन्स घेताना ट्यूबलाइटसमोर तिरकी धरून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की ती बुरशी. भाव कितीही उतरवून देवोत, परत ठेवा. लेन्सच्या नळीचा व्यास आपल्या मशीनशी ताडून घ्या. ‘सगळ्यांना बसते’ असं विकणारा म्हणतोच.