पंट पकडताना पोरगं चिरडलं जाईल की काय?

प्रश्न: आम्ही ओहायोला असतो, मुलगा नववीत आहे, अमेरिकन फुटबॉल खेळतो आणि यंदा कोचनी त्याला पंट रिटर्नर म्हणून, म्हणजे समोरच्या टीमने लाथेने उंच मारलेला बॉल (पंट) पकडून पळायला, उभं केलंय. बॉल आकाशात, ह्याची मान वर आणि समोरून चारपाच दांडगे धावत येतायत, माझा तर जीव टांगणीला लागतो. नियमात त्याला काही संरक्षण आहे की नाही? आणि टीव्हीवर कॉलेजवाले किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करायची किक, हात वर करून पकडतात आणि लगेच बॉल आपल्या गोल रेषेपासून 25 यार्डावर मिळतो, तसं ह्याला का करता येत नाही?

उत्तर: संरक्षण आहे हो ताई, आणि चांगलं आहे. बॉल हवेत असताना तो पकडायला त्याला मोकळी जागा द्यावीच लागते, मग त्याने फेअर कॅचची, म्हणजे ‘मी पकडून पळणार नाही, मला पाडू नका’ अशी, खूण केलेली असो वा नसो. कोणी आडवं आलं की 15 यार्डांची पेनल्टी. पण खूण केली नसेल तर बॉल हातात आला की हे संरक्षण संपतं, पुढच्याच क्षणाला त्याला आडवा करायला सगळे मोकळे, आणि मार बसतो तो तिथेच. म्हणून खूण करायला शिकवा. एक हात डोक्यावर पूर्ण ताणायचा आणि आडवा, सगळ्यांना दिसेल असा हलवायचा. बरीच पोरं लाजत लाजत कानाशी हात हलवतात, ती खूण चुकीची धरतात आणि वर 5 यार्ड जातात. खूण केली की पकडल्यावर पळायचं नाही, आणि बॉल दुसऱ्याने पकडला तरी खूण करणाऱ्याने कोणाला ब्लॉक करायला, म्हणजे अंगाने अडवायला, जायचं नाही.

हातातून निसटला तर मात्र पंचाईत, कारण आपला हात लागलेला पंट समोरची टीम उचलू शकते, त्यांना तो घेऊन पुढे पळता येत नाही इतकंच, पण बॉल त्यांचा झाला. म्हणून खाली पडून उड्या मारणाऱ्या बॉलच्या नादी लागू नये, ‘पीटर, पीटर’ असं ओरडून आपल्या पोरांना लांब करायचं आणि स्वतःही बाजूला व्हायचं. बरेच कोच टाचा आपल्या गोल रेषेपुढच्या 10 यार्डाच्या रेषेवर ठेवायला सांगतात, बॉल डोक्यावरून मागे चालला तर जाऊ द्यायचा. हायस्कूलमध्ये पंट किंवा किकऑफ एंड झोनमध्ये, म्हणजे गोल रेषेमागच्या पट्ट्यात, गेला की तिथेच टचबॅक, म्हणजे खेळ थांबतो आणि बॉल आपल्याला 20 यार्डावर मिळतो, तिथून पळत बाहेर आणायची सोयच नाही, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे.

तुम्ही म्हणता तो 25 यार्डाचा नियम कॉलेजचा, 2018 पासूनचा. तुमच्याकडे हायस्कूलला राष्ट्रीय फेडरेशनचे नियम चालतात, त्यात फेअर कॅच जिथे घेतला तिथूनच खेळ सुरू. टेक्सासला असता तर गोष्ट वेगळी होती, तिथे हायस्कूललाही कॉलेजचेच नियम लावतात.